'मारले' की 'दगावले'?
पॅलेस्टाइन आणि मराठी बातमीची भाषा

२ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजी भांगरे यांना फाशी देण्यात आली. अकोले तालुक्यातील देवगावचे, महादेव कोळी समाजात जन्मलेले राघोजी कंपनी सरकारच्या दप्तरात 'दरोडेखोर' म्हणून नोंदले गेले. सावकारांच्या वह्यांनी डोंगरातला शेतकरी कसा नागवला, नव्या राजवटीने जुने हक्क कसे बुडवले, हे त्या दप्तराला मुळीच ठाऊक नव्हते असे नाही. परंतु ते कोठेतरी आत, बारीक अक्षरात. ठळक अक्षरात मात्र दरोडा, टोळी आणि बंदोबस्त. आज त्याच राघोजींना आद्य क्रांतिकारक म्हणून वंदन केले जाते आणि त्यांच्या प्रतिमेला हार घालण्यात कोणताही पक्ष मागे राहत नाही. माणूस तोच, कृत्ये तीच. बदलला तो फक्त लेखणी धरणारा हात.

राजूर परिसरातील कार्यकर्त्याला पॅलेस्टाइनचा प्रश्न दूरचा वाटू नये, याचे पहिले कारण हे आहे. ज्याची जमीन गेली त्याचे नाव दुसऱ्याने ठेवले, म्हणजे काय होते, हे या डोंगरातल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून मराठी वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाहिन्यांवरून पॅलेस्टिनी जनतेविषयी जे लिहिले व बोलले गेले, ते त्या जुन्या दप्तराच्याच वळणाचे आहे. हा निव्वळ निष्काळजीपणा मानून सोडून देता येणार नाही. एका समाजाचे मरण दुसऱ्या समाजाच्या मरणाहून हलके तोलण्याची ही वृत्ती आहे, आणि तिचे सरळ नाव वंशद्वेष हे आहे.

व्याकरणातला अन्याय

मराठी भाषेला कर्तरि, कर्मणि आणि भावे असे तीन प्रयोग आहेत, हे शाळेतले मूलही जाणते. 'सैनिकांनी मुलांना मारले' या वाक्यात कर्ता कोण, हे विचारावे लागत नाही. 'मुले मारली गेली' असे म्हटले की कर्ता अंधारात जातो. 'मुले दगावली' असे म्हटले की व्याकरणाच्या दृष्टीने मरणाचा कर्ता ते मूलच होऊन बसते. गाझातील मृत्यूंच्या बातम्या पुष्कळदा या तिसऱ्या तऱ्हेने लिहिल्या गेल्या. इस्रायली नागरिकांची 'हत्या' होते, त्यांची 'कत्तल' होते. पॅलेस्टिनी मात्र 'मरण पावतात', 'बळी जातात', 'दगावतात'. इमारत 'कोसळते', रुग्णालय 'उद्ध्वस्त होते', अन्नाच्या रांगेत 'गोळीबार होतो'. गोळी कोणाच्या बंदुकीतून सुटली हे वाचकाने आपल्या मनाने ताडावे.

अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातील वाचकाला हे व्याकरण परिचयाचे आहे. 'कुपोषणाने बालके दगावली' या वाक्यात रेशन न पोहोचवणारा अधिकारी नाही, रिकामे आरोग्य केंद्र नाही, मजुरी बुडवणारा ठेकेदार नाही. 'पारधी टोळी जेरबंद' या मथळ्यात आरोपीची जात आहे, पण गुन्हा सिद्ध झाला की नाही याचा पत्ता नाही. १८७१ च्या कायद्याने 'गुन्हेगार जमाती' अशी कोटी निर्माण केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला. मथळ्यांतून तो अद्याप पुसलेला नाही. उच्चवर्णीय घोटाळेबाजाच्या बातमीत त्याची जात छापण्याची चाल नाही. तद्वत् एखाद्या पॅलेस्टिनी तरुणाने दगड उचलला की त्याचा समाज मथळ्यात येतो. पश्चिम किनाऱ्यावर एखाद्या सशस्त्र वसाहतकाराने ऑलिव्हची झाडे जाळली की मात्र 'दोन गटांत चकमक' होते.

दुसरा शब्द घ्यावा. हमासच्या हाती सापडलेला इस्रायली माणूस 'ओलीस' असतो, आणि ते योग्यच आहे. पण इस्रायली तुरुंगात आरोपपत्राविना, खटल्याविना महिनोन्‌महिने डांबलेला पॅलेस्टिनी हा बातमीत 'कैदी' असतो. अशा प्रशासकीय स्थानबद्धांची संख्या २०२४ साली तीन हजारांवर होती. आणीबाणीत मिसाखाली गजाआड गेलेल्या समाजवाद्यांना त्या काळी कोणी 'कैदी' म्हटले असते तर ते चालले असते काय? विनाखटला डांबण्याची ही व्यवस्था पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिश अमदानीतील १९४५ च्या आणीबाणी नियमांतूनच पुढे आली. रौलट कायद्याचे आणि तिचे गोत्र एकच आहे.

तिसरा शब्द 'दावा'. गाझातील मृतांचे आकडे आले की ते 'हमासच्या आरोग्य मंत्रालयाचा दावा' म्हणून छापले जातात. इस्रायली लष्कराचे निवेदन मात्र 'माहिती' ठरते. वास्तविक २००८-०९ व २०१४ च्या युद्धांत या मंत्रालयाचे आकडे संयुक्त राष्ट्रसंघाच्या नंतरच्या मोजणीशी बव्हंशी जुळले होते. ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या नोंदीत ६७ हजारांहून अधिक मृत्यू होते, आणि ढिगाऱ्याखाली राहिलेले त्यात सर्व धरलेले नाहीत. कोणत्याही युद्धातील आकडा तपासून घ्यावा हा नियम रास्त आहे. तो एकाच बाजूला लावला की त्याचा पूर्वग्रह होतो.

हे शब्द येतात कोठून?

हे सारे मराठी उपसंपादक मुद्दाम करतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीला बसलेल्या उपसंपादकापुढे वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर येतो. त्याला तासाभरात पान लावायचे असते. इंग्रजी क्रियापदाला जवळचे मराठी क्रियापद तो ठेवून देतो. म्हणजे पाश्चात्त्य वार्ताकक्षातील पक्षपात भाषांतराच्या वाटेने राजूरच्या बाजारपेठेतील चहाच्या टपरीवर पोहोचतो, आणि वाचणाऱ्याला तो आपल्याच मातीतला वाटतो.

त्या वार्ताकक्षांत काय चालते, याची मोजणी झालेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये 'द इंटरसेप्ट' या अमेरिकी वृत्तसंस्थेने 'न्यूयॉर्क टाइम्स', 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि 'लॉस एंजेलिस टाइम्स' या तीन दैनिकांचे युद्धाच्या पहिल्या सहा आठवड्यांतील लिखाण तपासले. इस्रायली मृतांसाठी 'कत्तल' या अर्थाचा एक शब्द साठ वेळा वापरलेला आढळला, पॅलेस्टिनी मृतांसाठी एकदा. 'हत्याकांड' या अर्थाच्या शब्दाचे प्रमाण १२५ ला दोन असे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील अंतर्गत सूचनापत्र उघडकीस आले. 'वंशसंहार', 'व्याप्त प्रदेश', 'निर्वासित छावण्या' हे शब्द वापरताना हात आखडता घ्यावा, अशी त्यात पत्रकारांना ताकीद होती. जून २०२५ मध्ये ब्रिटनमधील 'सेंटर फॉर मीडिया मॉनिटरिंग' या संस्थेने बीबीसीच्या एका वर्षाच्या वार्तांकनाची तपासणी प्रसिद्ध केली. प्रत्येक मृत्यूमागे इस्रायली मृताला पॅलेस्टिनी मृताच्या तेहेतीसपट जागा मिळाली, असा तिचा निष्कर्ष होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे प्रमाण वाचताना वसाहतीच्या काळातील विनिमयाचा दर आठवल्यावाचून राहत नाही. तेथे मालाचे मोल असे ठरत असे, येथे माणसाचे ठरते.

जगाची बातमी चार-दोन श्रीमंत राजधान्यांतून वाहते आणि तिसऱ्या जगातील माणूस स्वतःकडेही त्यांच्याच चष्म्यातून पाहू लागतो, हे निदान नवे नाही. १९७६ साली नवी दिल्लीत अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा समूह उभा राहिला तो याच जाणिवेतून. १९८० साली युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने बातमीच्या या विषम वाटपावर अहवाल दिला, आणि त्या आयोगावर भारताचे बी. जी. वर्गीस होते. तो प्रयत्न पुढे बारगळला. अमेरिका आणि ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले आणि भारतीय राज्यकर्त्यांनाही पुढे त्यात रस उरला नाही. समाजवादी चळवळीने तो विषय सोडून द्यावा, असे मात्र काही घडलेले नाही.

त्यात स्वदेशी भर पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय वाहिन्यांचे अनेक वार्ताहर शिरस्त्राण घालून इस्रायलमध्ये उभे राहिले. गाझात बाहेरच्या पत्रकाराला स्वतंत्रपणे पाऊल टाकू दिले गेले नाही. इस्रायली सैन्याच्या देखरेखीखालील फेरी तेवढी मिळे. या बंदीचा निषेध या वाहिन्यांनी केला काय? जे पॅलेस्टिनी पत्रकार आतून बातमी देत होते, ते एकेक करून मारले गेले. पत्रकार संरक्षण समितीच्या नोंदीत ऑगस्ट २०२५ पर्यंत अशी १८० हून अधिक नावे होती. १० ऑगस्ट २०२५ रोजी 'अल जझीरा'चे अनस अल-शरीफ यांना शिफा रुग्णालयाजवळील पत्रकारांच्या तंबूत सहकाऱ्यांसह ठार करण्यात आले. त्यांना मारणाऱ्यांनी ते दहशतवादी होते असे सांगितले, आणि कित्येक ठिकाणी बातमीचा मथळा त्या सांगण्यावरूनच झाला. ११ मे २०२२ रोजी जेनिनमध्ये शिरीन अबू अक्ले यांना गोळी लागली तेव्हाही प्रथम असेच सांगण्यात आले होते की, ती गोळी पॅलेस्टिनींचीच असावी. काही महिन्यांनी इस्रायली सैन्याला स्वतःच्या सैनिकाची ती गोळी असण्याचा दाट संभव मान्य करावा लागला. तोवर बातमी शिळी झाली होती.

शब्दांमागची जमीन

केवळ शब्दांची हळहळ करून भागणार नाही. प्रत्येक शब्दाखाली जमिनीचा तुकडा आहे. १९४८ साली सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले आणि चारशेहून अधिक गावे ओस पडली. १९५० साली इस्रायलने 'गैरहजर मालमत्ता' कायदा केला. गेलेल्यांची शेते, घरे, बागा सरकारजमा करण्याची ती तजवीज होती. त्यातही जे लोक देशाबाहेर गेलेच नव्हते, केवळ लढाईच्या काळात शेजारच्या गावी आश्रयाला होते, त्यांनाही गैरहजर ठरवण्यात आले. 'हजर असलेले गैरहजर' अशी त्यांची ओळखच झाली. माणूस समोर उभा आहे, त्याच्या हातात जुन्या जमिनीचा कागद आहे, आणि कायदा त्याला सांगतो की तू येथे नाहीस. बातमी आज त्याच्याशी तेच करते.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याच्या आतल्या-भोवतालच्या गावांना 'हजर गैरहजर' म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकवणारा माणूस वनखात्याच्या कागदावर 'अतिक्रमणदार' होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला प्रथमच 'हक्कदार' हा शब्द दिला. वृत्तपत्रांच्या लिखाणात 'अतिक्रमण' हाच शब्द पुष्कळ काळ चालू राहिला. मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकरी हाच हक्क मागत नाशिकहून मुंबईला पायी गेले. त्यांच्या रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे सर्व देशाने पाहिली, तरी सत्ताधारी पक्षाच्या मुंबईतील एका तत्कालीन खासदारांना त्यांत शहरी माओवाद दिसला. जमीन मागणाऱ्याला बंडखोर ठरवण्याची रीत १८४८ पासून फारशी पालटलेली नाही. आणि के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राच्या विस्ताराच्या नुसत्या वार्तेने पारनेर, राहुरी, नगर तालुक्यांतील गावे कशी हादरली, हे जिल्ह्याने पाहिले आहे. हेब्रॉनच्या दक्षिणेस मसाफर यत्ता येथील मेंढपाळांच्या वाड्या 'गोळीबार क्षेत्र ९१८' म्हणून जाहीर झाल्या. मे २०२२ मध्ये इस्रायली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तेथून हुसकण्यास मोकळीक दिली. जिल्ह्यातील गावांना निदान ग्रामसभा, आमदार आणि न्यायालय होते. यत्ताच्या मेंढपाळाला ज्या राजवटीने हुकूम काढला तिच्यासाठी मत देण्याचाही अधिकार नाही.

पाण्याचेही तेच. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पाणी खाली उसाला गेले आणि धरणाच्या उशाशी असलेल्या वाड्यांच्या बाया उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहत राहिल्या. पश्चिम किनाऱ्यावर १९६७ च्या लष्करी हुकुमानंतर पॅलेस्टिनी शेतकऱ्याला नवी विहीर खोदायला परवाना लागतो, आणि शेजारच्या वसाहतीत नळाला पाणी असते. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा सारा ताबाच बेकायदेशीर असल्याचे मत दिले. त्यानंतरही 'वादग्रस्त प्रदेश' हा शब्द छापणारे दैनिक कोणाच्या कायद्याने चालते?

येथे समाजवाद्यांनी स्वतःचाही जमाखर्च मांडला पाहिजे. १९५० च्या दशकात भारतीय समाजवाद्यांना इस्रायलचे मोठे आकर्षण होते. १९५३ साली रंगूनला भरलेल्या आशियाई समाजवादी परिषदेत इस्रायलचा मापाई पक्ष भारतीय समाजवाद्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. १९५८ साली जयप्रकाश नारायण इस्रायलला जाऊन आले. किबुट्झमधील सामूहिक शेती, सामाईक भोजनगृह, श्रमाची प्रतिष्ठा यांचे कौतुक समाजवादी वर्तुळांत मनापासून झाले. ते कौतुक खोटे नव्हते, अपुरे होते. किबुट्झ ज्या जमिनीवर उभा आहे ती पूर्वी कोण कसत होते, हा पहिला प्रश्न विचारायचाच राहून गेला. गॅलिलीतील काफर बिरिम हे मारोनाइट ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव. नोव्हेंबर १९४८ मध्ये 'थोड्या दिवसांत परत या' असे सांगून सैन्याने त्यांना बाहेर काढले. १९४९ साली त्यांच्या शिवारात बारआम हा किबुट्झ वसला, आणि तोही डाव्या विचारांच्या तरुणांनी वसवलेला. गावकरी इस्रायलचे नागरिक होते. परतण्यासाठी ते दाद मागत होते. १९५३ साली विमानांनी त्यांची घरे जमीनदोस्त केली. समता कुंपणाच्या आत पाळायची आणि कुंपणाबाहेरच्याची जमीन खायची, याला समाजवाद म्हणता येत नाही. ज्या चळवळीने हा प्रश्न उशिरा विचारला तिने तो आता अधिक आग्रहाने विचारला पाहिजे.

मजुरीचा प्रश्नही असाच झाकला गेला. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने आपल्याकडे काम करणाऱ्या पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले. २०२४ च्या आरंभी हरियाणा व उत्तर प्रदेशात गवंडी, सुतार, लोखंड बांधणारे यांची इस्रायलसाठी भरती झाली. 'लाखाच्या वर पगार' अशा मथळ्यांनी तिचे स्वागत झाले. ही जागा रिकामी कशी झाली, कोणाच्या चुलीतला विस्तव विझला म्हणून ही मजुरी उपलब्ध झाली, हे त्या बातम्यांत क्वचितच आले. भारतातील केंद्रीय कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच या भरतीला विरोध केला होता. त्या निवेदनाला किती मराठी दैनिकांनी चार ओळी दिल्या?

गप्प बसवण्याच्या तऱ्हा

कॅनडातील अरब वकिलांच्या संघटनेने २०२२ साली पॅलेस्टिनीविरोधी वंशद्वेषाची व्याख्या केली. पॅलेस्टिनींना गप्प करणे, वगळणे, त्यांचा इतिहास पुसणे, त्यांना एकाच साच्यात बसवणे आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांची बदनामी करणे, या साऱ्यांचा तिने त्यात समावेश केला. महाराष्ट्रात यांतील शेवटचा प्रकार विशेष फोफावला आहे. मे २०२४ मध्ये मुंबईतील विद्याविहारच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला नोकरीवरून काढण्यात आले. पॅलेस्टिनींना अनुकूल अशा मजकुराला तिने समाजमाध्यमावर पसंती दर्शवली, हा तिच्यावरचा आक्षेप. तिच्या अध्यापनाविषयी तक्रार नव्हती.

जून २०२५ मध्ये गाझातील संहाराविरुद्ध आझाद मैदानावर सभा घेण्यास मुंबई पोलिसांनी परवानगी नाकारली. त्याविरुद्ध मार्क्सवादी पक्ष उच्च न्यायालयात गेला. २५ जुलै रोजी खंडपीठाने याचिका फेटाळली. आपल्या देशापुढे प्रश्न कमी आहेत काय, कचरा आणि तुंबलेले पाणी यांवर बोला, देशभक्त व्हा, अशा आशयाचा उपदेश त्या वेळी न्यायासनावरून झाला. पुढे ऑगस्टमध्ये पोलिसांना परवानगी द्यावी लागली व सभा झाली. न्यायासनाविषयी पूर्ण आदर राखूनही म्हणावे लागते की, हा उपदेश भारतीय परंपरेला धरून नाही. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी ज्यूंच्या यातनांविषयी कळवळा व्यक्त करून, पॅलेस्टाइन अरबांचे आहे, असे निःसंदिग्धपणे लिहिले. त्या वेळी देशापुढे प्रश्न कमी होते काय? २९ नोव्हेंबर १९४७ रोजी, स्वतःच्या फाळणीच्या जखमा ओल्या असताना, भारताने संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले. १९८८ साली पॅलेस्टाइन राज्याला मान्यता दिली. त्याच देशाचा प्रतिनिधी २७ ऑक्टोबर २०२३ रोजी आणि पुन्हा १२ जून २०२५ रोजी युद्ध थांबवण्याच्या ठरावावर तटस्थ राहिला. ही तटस्थता बातमीच्या भाषेत 'मुत्सद्देगिरी' झाली. वाचकाचे मन आधी बधिर झालेले असल्याशिवाय राज्यकर्त्यांना असे धाडस होत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, हमासने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी जे केले त्याकडे डोळेझाक होत आहे. तसे मुळीच नाही. त्या दिवशी सुमारे १२०० माणसे मारली गेली, सुमारे २५० ओलीस नेली गेली. त्यांत वृद्ध होते, मुले होती. निःशस्त्र माणसाची हत्या हा गुन्हाच आहे आणि त्याला मुक्तिलढा म्हणून पाठीशी घालणे समाजवाद्याला शोभत नाही. पण ज्या वृत्तपत्राने या १२०० माणसांना चेहरे दिले, वय दिले, कुटुंब दिले, त्याने पलीकडच्या हजारोंना केवळ बेरीज दिली, ही तक्रार आहे. इतिहास ७ ऑक्टोबरलाच सुरू झाला असे मानून लिहिले की, त्यापूर्वीची पंच्याहत्तर वर्षे आपोआप गैरहजर होतात. इस्रायलच्या तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी ९ ऑक्टोबरला 'मानवी पशू' हे शब्द उच्चारले आणि गाझाचे अन्न, पाणी, वीज तोडण्याचा हुकूम दिला. त्या शब्दांची वृत्तपत्रांनी किती चिकित्सा केली? २१ नोव्हेंबर २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्या मंत्र्यावर व पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर अटकेचे हुकूम काढले, ते उपासमारीचा शस्त्रासारखा वापर केल्याच्या आरोपासह. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. १६ सप्टेंबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने वंशसंहार हा शब्द वापरला. मथळ्यांना तो शब्द तरीही जड जातो.

दुसरा आक्षेप ज्यूद्वेषाचा. महाराष्ट्राला हा आरोप लागू पडत नाही, आणि पडू देता कामा नये. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी ज्यांची परंपरा जोडलेली आहे ते बेने इस्रायल कोकणात शतकानुशतके 'शनवार तेली' म्हणून नांदले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शेजारी मराठी बोलले, मराठीत कीर्तने करीत राहिले, आणि ज्यू म्हणून त्यांच्यावर येथे कोणी हात उचलला नाही. युरोपात ज्यूंचा जो संहार झाला त्याचे पाप युरोपचे आहे. विशेष म्हणजे यांतील जे इस्रायलला गेले, त्यांना तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने विवाहासाठी 'खरे ज्यू' मानण्यास खळखळ केली. त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले. १९६४ साली इस्रायली संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. या मराठी माणसांचा तो अपमान कोणाही मराठी वाचकाला अस्वस्थ करील. तीच अस्वस्थता पॅलेस्टिनींच्या बाबतीत का होत नाही? ज्यू म्हणून कोणाचा द्वेष करणे आणि पॅलेस्टिनी म्हणून कोणाला माणूस न मानणे, हे एकाच विषवेलीचे दोन फुटवे आहेत. इस्रायली राज्याच्या धोरणाचा विरोध करताना एखाद्या कार्यकर्त्याच्या तोंडून ज्यूंविषयी हीन शब्द निघाला, तर त्याला तेथल्या तेथे थांबवणे हे साथींचे काम आहे.

आणि एक भ्रम. पॅलेस्टिनी म्हणजे मुसलमान, आणि मुसलमान म्हणजे अमुक, असे समीकरण मांडून हा प्रश्न गावोगावच्या जातीय राजकारणाला जुंपला जात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅलेस्टिनींविरुद्धच्या खोट्या चित्रफितींचा मोठा ओघ भारतीय खात्यांवरून वाहिला, हे मुंबईच्या 'बूम' या तथ्यतपासणी संस्थेने दाखवून दिले. गाझातील सेंट पॉर्फिरियस चर्चच्या आवारावर १९ ऑक्टोबर २०२३ रोजी बाँब पडला, तेथे आश्रय घेतलेले ख्रिस्ती मेले. ख्रिस्ती वस्ती मोठी असलेल्या या जिल्ह्यातील किती वाचकांपर्यंत ती बातमी पोहोचली?

कार्यकर्त्यांचे काम

मागणी मोठी नाही. बातमीने पॅलेस्टिनींची बाजू घ्यावी असे कोणी म्हणत नाही. बातमीने त्यांना माणसाच्या मापाने मोजावे एवढेच म्हणणे आहे. मारणारा ठाऊक असेल तर कर्ता लिहावा. दोन्हीकडच्या मृतांना एकच क्रियापद लावावे. 'दावा' हा शब्द लावायचा तर दोन्ही निवेदनांना लावावा. व्याप्त प्रदेशाला व्याप्त म्हणावे. विनाखटला डांबलेल्याला स्थानबद्ध म्हणावे. पॅलेस्टिनी लेखक, डॉक्टर, शिक्षक यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून छापावे. १० ऑक्टोबर २०२५ पासून युद्धविराम जाहीर झाला. त्यानंतरही माणसे मेली, पण बातमी आतल्या पानावर गेली. ती तेथून पुन्हा बाहेर काढावी.

यासाठी संपादकांना शिव्याशाप देणारी पत्रे उपयोगाची नाहीत. साथींनी आपल्या गावात येणाऱ्या दैनिकांची कात्रणे महिनाभर जमवावीत, एका रकान्यात क्रियापद, दुसऱ्यात मृताचा देश, तिसऱ्यात कर्ता आहे की नाही, अशी नोंद करावी आणि तो तक्ता संपादकांकडे सह्यांनिशी पाठवावा. आकड्यापुढे संपादकाला उत्तर द्यावे लागते. तालुका वार्ताहरावर राग काढू नये. जाहिराती आणल्या तर चार पैसे, न आणल्या तर तेही नाहीत, अशा अटींवर तो राबतो. त्याची लढाईही आपलीच आहे. वाचनालयांत, वसतिगृहांत, महाविद्यालयांत या विषयावर अभ्यासवर्ग घ्यावेत. त्याच तक्त्यात दुसरे पान जोडावे, ते आदिवासी, पारधी, दलित व मुसलमान यांच्याविषयीच्या बातम्यांचे. दोन्ही पानांची भाषा शेजारी ठेवली म्हणजे गाझा कोठे संपतो आणि अकोले कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाईल.

येत्या २ मे रोजी राघोजी भांगरे यांच्या हौतात्म्यदिनी राजूर परिसरात सभा होतील, भाषणे होतील. त्या सभेत एका साथीने उठून एवढेच विचारावे की, राघोजींना 'दरोडेखोर' लिहिणाऱ्या कारकुनाला आज दोष देणारे सर्वजण उद्या सकाळच्या पेपरातील 'दगावले' हा शब्द निमूटपणे वाचणार आहेत काय? आणि उत्तर 'नाही' असेल, तर सभा संपण्यापूर्वी पहिल्या पत्रावर सह्या घ्याव्यात.